पासाऊच्या अलीकडे वीस किलोमीटर

म्हाताऱ्यांची सहल पासाऊला न्यायची म्हणजे डोक्याला ताप. आमच्या गावाहून, प्तुईहून, सकाळी आठला सात मिनिटं असताना निघालो, तर ग्राझ शहर यायच्या आधीच मागे घरगुती दारूचा खंबा फिरायला लागला आणि कुणीतरी अकॉर्डियन काढलं. मी बस चालवतोय की लग्नाची वरात, तेच कळेना.

माझ्या मागच्याच सीटवर पेपकामावशी. वय एकोणऐंशी. तिचा भाऊ विंको जर्मनीत राहतो. वडिलांच्या द्राक्षमळ्यावरून दोघांचं भांडण झालं, त्याला एकतीस वर्षं झाली. आता त्याचं पत्र आलं होतं: 'सहलीच्या दिवशी पासाऊ स्टेशनावर थांबतो. एक चाळीसच्या गाडीने परत जाईन. नाही आलीस तर समजायचं ते समजेन.' फोन तो बाळगत नाही. हट्टी घराणं!

"स्रेच्को, पोहोचू ना रे?" मावशी दर दहा मिनिटांनी.

"पोहोचू गं बाई! गाडी चालवू दे की मला!"

सलग साडेचार तास चालवलं की पाऊण तास विश्रांती, असा आम्हा ड्रायव्हरांचा कायदा. विश्रांतीचे दोन तुकडे केले तरी चालतात. डॅशबोर्डातलं यंत्र मिनिट न् मिनिट नोंदवतं. यंदा माझ्यावर दोन ठपके आहेत, आणि तिसरा लागला तर घरी बसायचं, असं मालकाने स्पष्ट सांगितलंय.

पहिला थांबा अर्ध्या तासाचा घेतला. मग बोगद्याच्या तोंडाशी गाड्यांची ही रांग! तासभर मुंगीच्या पावलांनी सरकत होतो. म्हणून दुसऱ्या थांब्यावर पंधराव्या मिनिटाला सगळ्यांना संडासातून अक्षरशः ओढून काढलं. अर्धा अन् पाव, झाला पाऊण! काय खूश झालो मी!

वेल्स शहर मागे पडलं आणि मग मला आठवलं. तुकडे करायचे तर आधी पंधरा, मग तीस. उलटं चालत नाही. पंचवीस वर्षं गाडी हाकतोय मी, नवख्या पोरांना हेच शिकवतो, आणि मावशीच्या घाईपायी मीच माती खाल्ली.

एक वाजून आठ मिनिटांनी यंत्र ठणाणा करू लागलं. पासाऊ वीस किलोमीटरवर.

पेन्शनर मंडळाची अध्यक्ष झ्लात्का पुढे आली. "हे काय वाजतंय?"

सांगितलं. ती म्हणाली, "मग थांब बाबा. अर्ध्या तासाने काय बिघडतंय?"

"त्याची गाडी जाईल," मावशी हळूच म्हणाली. "त्याला वाटेल, मी मुद्दामच आले नाही." मग माझ्या खांद्याला हात लावून, "पण तू थांब हो. तुझं पोट आहे या नोकरीवर."

ओरडली असती तर परवडलं असतं. पुढे गाडी उभी करायची जागा दिसत होती. मी इंडिकेटर दिला. मग शिवी हासडली आणि बंद केला.

दीडला स्टेशनासमोर ब्रेक मारला. मावशी उतरली आणि दुखऱ्या गुडघ्यांनिशी धावत सुटली. दाराशी एक उंच, वाकलेला म्हातारा उभा होता. मिठी नाही, काही नाही. मावशीने आधी त्याच्या छातीवर दोन बुक्के हाणले. मग तिथेच दोघं ढसाढसा रडले. एक चाळीस झाले, गाडी आली, गेली. विंको जागचा हलला नाही.

इकडे मी यंत्रातून नोंदीची कागदी पट्टी काढली. कायदा मोडला की पट्टीच्या मागे स्वतःच्या हाताने कारण लिहायचं असतं.

झ्लात्का कानाशी लागली. "ट्रॅफिक लिही, गाढवा. बोगद्याची रांग सगळ्यांनी पाहिलीय."

खरंच सोपं होतं. मी पेन टेकवलंसुद्धा. पण समोर मावशी भावाचा हात धरून त्याला माझ्याकडे आणत होती, लांबूनच बोट दाखवत, "हाच तो, ह्यानेच आणलं मला!"

मी लिहिलं: विश्रांती चुकली, चूक माझी. थांबता येत होतं, थांबलो नाही. खाली सही केली आणि विंकोशी हात मिळवायला उतरलो.