कोपरा कापलेलं कार्ड

मी एक कार्ड बोलतोय. पोस्टाचं कार्ड नव्हे. माझ्यावर तिकीट नाही, शिक्का नाही. तळहाताएवढा जाड पांढरा कागद, खालच्या कडेला एक भोक, आणि उजवीकडचा वरचा कोपरा कापलेला. या क्षणी मी उमरग्याहून सोलापूरला चाललेल्या सर्व्हिस मोटारीत आहे, ताहेराबीच्या पदराच्या गाठीत. रस्ता खराब आहे. मोटार आदळते, तिच्याबरोबर मीही आदळतो. लागत नाही. मला कधीच काही लागलेलं नाही, हे आधी सांगून ठेवतो, म्हणजे पुढं कुणी माझ्याकडून रडण्याची अपेक्षा करणार नाही.

माझा जन्म हैदराबादच्या एका छापखान्यात झाला. मुलींच्या कॉलेजच्या ग्रंथालयानं आमची मागणी नोंदवली होती. ग्रंथालयात लाकडी खण असतात, खणात कार्डं उभी राहतात आणि सगळ्यांच्या भोकांतून एक पितळी सळई जाते. आमच्या गठ्ठ्याच्या वेळी यंत्र सरकलं आणि भोकं बाजूला पडली. सळई आमच्यातून जाईना. ग्रंथपाल अजीजाबी यांनी आम्हांला रद्दीत काढलं. जन्मलो आणि नापास झालो.

रद्दीतून आम्हांला उचललं शिवगंगेनं. ती उमरग्याची, लिंगायत आडत्याची मुलगी, बी.ए.ला होती. एका कार्डावर एकच पुस्तक, हा ग्रंथालयाचा नियम तिनं अजीजाबींकडून ऐकला होता. तो तिनं स्वतःच्या दिवसाला लावला. एका कार्डावर एकच काम. सकाळी लिंगपूजा आटोपली की ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून आम्हांला काढायची, आजची कामं पुढं, बाकीची मागं. काम झालं की कात्रीनं कार्डाचा कोपरा कापायचा. झालं नाही तर ते कार्ड उद्या पुन्हा पुढं. सबब लिहायला कार्डावर जागाच नाही, असं ती म्हणायची.

परीक्षा देऊन ती उमरग्याला आली, तेव्हा डबाही आला.

घरात तिचे वडील माणिकप्पा, म्हणजे अप्पा, आणि त्यांची विधवा बहीण रुद्रम्मा आत्या. आई लहानपणीच गेलेली. घरापुढंच अप्पांचं आडत दुकान. तिथं तूर, करडई, ज्वारी यायची आणि माणसं यायची. त्या घरातली कामं किती वर्षं नुसती तोंडी पडून होती ते कार्डांवर उतरू लागलं तेव्हा कळलं. विहिरीचं चाक बसवणे. माळवदाची गळती. शेजारच्या शांतम्माच्या सुनेला दवाखान्यात नेणे. ताहेराबीला अक्षरं शिकवणे. ताहेराबी मागच्या गल्लीतली, सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरची, बशीरची बायको. ती दुपारी यायची आणि माझ्या भावंडांच्या मागच्या बाजूवर क, ख, ग गिरवायची. विहिरीचं चाक आठवड्यात बसलं. लोक म्हणाले, माणिकप्पाच्या पोरीत काय वारं शिरलंय. वारं नव्हतं, कागद होते.

आत्याला मात्र आमचा कोपरा खुपला. इकडं पत्राचा कोपरा कापलेला असला म्हणजे कुणी तरी मेल्याची बातमी. पोस्टमन असलं पत्र आणतो तेव्हा आधीच तोंड पाडून येतो. ते उंबऱ्याबाहेरच वाचायचं, फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. आणि इथं घरातली पोरगी रोज चार-चार कार्डांचे कोपरे कापून देवळीत ठेवतेय.

"गंगव्वा, घरात मेल्याली कार्डं साठवतीस व्हय गं?" आत्या म्हणाली.

"मेलेली न्हाईत आत्या, झालेली हाईत. आणि तीन कोपरे धड हाईत की. तेवढे शुभ धरा."

आत्यानं चिमट्यानं एकेक कापलेलं कार्ड उचललं आणि चुलीत घातलं. पुढं रोज तेच. त्यामुळं त्या घरात झालेल्या कामांची काही खूण उरली नाही. उरलो आम्ही, न झालेले.

माझी पाळी त्याच हिवाळ्यात आली. सोलापूरच्या एका मुलींच्या शाळेनं शिवगंगेला कळवलं होतं की जूनपासून इंग्रजी शिकवायला या. तिनं मला डब्यातून काढलं आणि लिहिलं: अप्पांना विचारणे. सोलापूरची नोकरी. हो की नाही.

शाळेला अप्पांची परवानगी नको होती. तिलाच हवी होती. उद्या गावानं म्हणायला नको की माणिकप्पाची मुलगी पळून गेली. तिला दारातून, दिवसाउजेडी, बापाचा शब्द घेऊन जायचं होतं.

ती दुकानात गेली, गादीसमोर बसली, विचारलं. अप्पा हसले. तराजूतले दाणे बोटांनी सारखे केले आणि म्हणाले, "बघू."

तिनं मला पाहिलं. बघू हे हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. कोपरा कापता येत नव्हता. मी डब्यात परत गेलो आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा सगळ्यांच्या पुढं आलो.

अप्पांबद्दल सांगतो. त्यांनी आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नव्हतं. भाव वाढवून मागणाऱ्याला बघू, सोयरीक घेऊन आलेल्याला बघू, मठाच्या स्वामींनाही बघू. गाव त्यांना देवमाणूस म्हणायचं. त्यांच्या दारातून कुणी रागानं गेलं नाही, कारण मुळात काही घेऊनच कुणी गेलं नाही. थोरांची ही रीत मी डब्यातून पुष्कळ पाहिली. नाही म्हणायचं धैर्य नसतं आणि हो म्हणायचं मन नसतं, मग मधल्या त्या शब्दात माणसं आयुष्यभर आरामात बसतात. दुसरा ताटकळत उभा असतो, त्याचे पाय कुणी मोजत नाही.

ज्वारी घरात येऊ दे, म्हणाले. ज्वारी आली. बसवजयंती होऊ दे. झाली. मग जून आला आणि गेला. शाळेनं दुसरी बाई नेमली आणि कळवलं की पुढच्या वर्षी पुन्हा जागा निघेल. शिवगंगेनं ते वाचलं, मला डब्यात ठेवलं, आणि त्या दिवशी दुसरं कुठलंच कार्ड काढलं नाही. पुढं श्रावण सरू दे. सरला. मोठ्या काकांच्या घरचं लग्न होऊ दे. तेही झालं, पाहुणे बुंदी खाऊन गेले. मी रोज पुढं. माझ्या कडा मळल्या, शाई फिकट झाली, तिनं अक्षरं दोनदा गिरवली.

दुसरा जून तोंडावर आला तेव्हा ती मला हातात घेऊनच दुकानात गेली. गिऱ्हाईक नव्हतं. तिनं मला तराजूच्या पारड्यात ठेवलं.

"अप्पा, आज बघू म्हणू नका. न्हाय म्हणा. न्हाय म्हणालात तर मी भांडेन, रडेन, उपाशी बसेन. काहीतरी करता येईल. बघूशी मी कशी भांडू?"

अप्पांनी मला पारड्यातून उचललं. पारडं हललंसुद्धा नव्हतं. त्यांनी मला वाचलं, उलटं केलं, मागं काही नाही हे पाहिलं.

"तुझ्या आईला पन मी असंच म्हनायचो," ते म्हणाले. "ती कधी रागावली न्हाय."

"ती सांगायला हाय का आता?"

बाहेर करडईची गाडी आली आणि अप्पा उठले.

चार दिवसांनी, सकाळी, शिवगंगेनं ट्रंक भरली. डबा ट्रंकेत गेला. मी बाहेर राहिलो. तिनं कात्री घेतली आणि माझा उजवा वरचा कोपरा कापला. तिच्या हिशेबी विचारून झालं होतं. उत्तर न मिळणं हेच उत्तर, एवढं समजायला तिला दोन जून लागले होते. कात्री फिरली तेव्हा मला दुखलं नाही. तिचा चेहराही कोरड्या भिंतीसारखा होता. अप्पा तेव्हा बाजारात गेले होते. तिनं मला त्यांच्या गादीवर अच्छेराच्या वजनाखाली ठेवलं, ताहेराबीकडं सोलापूरचा पत्ता दिला आणि बशीरच्या मोटारीत बसून गेली. दारातून, दिवसाउजेडी. फक्त बापाचा शब्द तेवढा सोबत नव्हता.

अप्पांच्या आधी दुकानात आत्या आली, त्यांचा चहा घेऊन. तिला वाचता येत नव्हतं. तिला फक्त कोपरा दिसला. भाऊ जागेवर नाही, गादीवर कोपरा कापलेलं कार्ड, घरात पोरगी सापडत नाही. हातातली चहाची पितळी खाली पडली. आत्यानं असा काही टाहो फोडला की शेजारचा किराणावाला वीरप्पा उठून आला, त्यानं मला पाहिलं आणि न वाचताच डोक्यावरची टोपी काढली. चार माणसं जमली. कुणी तरी दुकानाची एक फळी लावली. अप्पा बाजारातून आले ते या गर्दीत.

त्यांनी मला उचललं. ते मला ओळखत होते.

"रडू नको अक्का," ते म्हणाले. "कुनी मेलं न्हाय. गंगव्वा सोलापूरला गेलीया, नोकरीला."

लोक थोडे ओशाळले. वीरप्पानं टोपी घातली. आत्यानं डोळे पुसले आणि म्हणाली, मग ते कार्ड फाडून बाहेर टाक, असलं घरात ठेवू नये.

"बघू," अप्पा म्हणाले, आणि त्यांनी मला बंडीच्या आतल्या खिशात घातलं.

तिथं मी दीड वर्षाहून जास्त राहिलो. रोज सकाळी दुकान उघडलं की अप्पा मला काढून गादीवर समोर ठेवायचे. संध्याकाळी परत खिशात. शिवगंगा करायची तेच करायचे, पण त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. तिचा पत्ता ताहेराबीकडं आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. अप्पांनी तो मागितला नाही. सणाला मागू म्हणायचे मनाशी. सण जायचा.

मग ते साल आलं. निजामाचं राज्य शेवटाला लागलं होतं. रझाकारांच्या लॉऱ्या रस्त्यानं फिरायच्या, दुकानं दुपारीच बंद व्हायची, कितीतरी घरं हद्द ओलांडून सोलापूरकडं गेली. सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज नळदुर्गावरून आली आणि याच रस्त्यानं पुढं गेली. लोकांनी गुलाल उधळला. त्यानंतर काही दिवस गुलालाचे नव्हते. बशीर बाहेरगावी गेला होता, तो परत आला नाही. त्याचं काय झालं ते गल्लीत सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. ताहेराबीला एक पोस्टकार्ड आलं, कोपरा कापलेलं. तिनं ते स्वतः वाचलं. अक्षरं शिकल्याचा तिला पहिला उपयोग झाला तो हा.

तिची इद्दत, म्हणजे नवरा गेल्यावर घरात पाळायचे चार महिने दहा दिवस, संपली आणि तिनं सोलापूरला माहेरी जायचं ठरवलं. काल संध्याकाळी निरोप घ्यायला ती दुकानाच्या पायरीशी आली. अप्पांनी तिला वर बोलावलं. ती उभीच राहिली.

"अप्पा, जाऊन येते. गंगाला भेटंन तिथं. काय सांगू?"

अप्पांचे ओठ जुळले. तो शब्द तोंडाशी आला होता, मी खिशातून ओळखला. ताहेराबी त्यांच्याकडं पाहत होती. तिच्याजवळ थांबायला काही उरलं नव्हतं. तो शब्द बाहेर आला नाही. अप्पांनी मला काढलं, टाक दौतीत बुडवला आणि शिवगंगेच्या अक्षरांखाली लिहिलं: हो. शाई वाळेपर्यंत मला हातात धरून बसले, मग पुढं केलं.

ताहेराबीनं हात मागं घेतला.

"अप्पा, कोपरा कापल्यालं कार्ड पोरीच्या हातात कसं देऊ? मला आलंतं तसं एक."

"ती भ्यायची न्हाय, ताहेरा. तिच्यात त्याचा अर्थ काम झालं असा हाय."

"काम कवाच झालंय अप्पा. ती शाळेत दुसरं वरीस शिकवतीया."

"ठावं हाय," अप्पा म्हणाले. "तरी दे."

तर मी चाललोय. माझ्यावरचं उत्तर आता कुणाच्या उपयोगाचं नाही. तिची नोकरी या उत्तराशिवाय सुरू झाली, या उत्तराशिवाय चालली आहे. मला पाहून ती काय करील ते मला माहीत नाही. हसेल, रागावेल, डब्यात टाकील किंवा आत्यासारखी चुलीत घालील. मला काही वाटणार नाही. फक्त जाता जाता एक मागतो. तुमच्या घरात कुणी असं समोर येऊन बसलं, तर हो म्हणा किंवा नाही म्हणा, पण त्या दिवशी म्हणा. कागद थांबू शकतो. तेवढं एकच त्याला येतं. ते माणसाकडून मागू नका.

नळदुर्ग मागं पडलं. ताहेराबी पदराची गाठ चाचपून पाहते आणि ओठांतल्या ओठांत घोकतेय, एकदा अक्षरं घोकायची तशी. आधी सांगायचं, अप्पा बरे आहेत. मग कार्ड द्यायचं. आधी सांगायचं, अप्पा बरे आहेत.