सगळे म्हणाले, कोळसा ओला

मित्रांनो, संत तुकाराम नगरातल्या दोन खोल्यांच्या एका घरात, न्हाणीघराच्या कोपऱ्यात उभा असलेला मी एक जुना तांब्याचा बंब. माझ्या पोटातून एक उभी नळी जाते. तिच्यात वरून पेटते कोळसे टाकायचे, भोवतीचं पाणी तापतं आणि तोटी सोडली की कढत धार येते. एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं आणि सुभद्राबाईंच्या लग्नात मी त्यांच्या सासरी आलो. पुढे त्यांचा मुलगा मुकुंद पिंपरीत कारखान्यात लागला, तेव्हा इथे. तीस वर्षं मी या कुटुंबात कुणाला गार पाण्याने अंघोळ करू दिली नाही. दिवाळीत मला चिंचेने घासत, तेव्हा शेजारणी मुद्दाम बघायला येत.

१९७८च्या थंडीत मात्र माझं बिनसलं. विस्तव छान धरायचा, पाणी कोमट व्हायचं आणि एकदम चुर्र करून निखारे विझायचे. धूर घरभर. मुकुंदची पहिली शिफ्ट. तो कशीबशी अंघोळ उरकून चिडचिडत निघायचा.

"कोळसा ओला असणार," तो म्हणायचा.

"कोळसा कशाला ओला असेल? हिला पेटवताच येत नाही," सुभद्राबाई म्हणायच्या. "माझ्या हाताला एका काडीत पेटायचा."

'ही' म्हणजे शैला, त्याच वर्षी लग्न होऊन आलेली सून. तिने कोळसे गच्चीवर वाळवले. वखार बदलली. नळीखालची माझी जाळी खरवडली. स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्याने नळीत बॅटरी मारली आणि "बंब ठणठणीत आहे, ताई," असं सांगून तो दोन रुपये घेऊन गेला.

अरे, मी गार होतो तेव्हा! माझ्या नळीचा सांधा गार असताना मिटलेला असतो. तापलो की तो उकलतो आणि पाणी निखाऱ्यांवर ठिबकतं. हे मला ठाऊक होतं आणि मला तोंड नव्हतं. मित्रांनो, तसा संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता. दुखणं माझं आणि बोलणी रोज ती पोरगी खात होती.

एका रविवारी तिचाही धीर सुटला. तिने स्टोव्हवर पातेली पातेली पाणी उकळून माझ्यात ओतलं. विस्तव घातलाच नाही. नळीखाली जाळीवर वर्तमानपत्राचा कोरडा कागद ठेवला. पाच मिनिटांत कागद ओलाचिंब.

"आई, बघा," तिने कागद पुढे धरला. "विस्तव नाही, कोळसा नाही. तरी ओला."

सुभद्राबाईंनी कागद चाचपला.

संध्याकाळी चिंचवड गावातून खंडू तांबट आला. "नळी बदलाया लागंल. सामान-मजुरी धरून चाळीस रुपये. न्हाईतर मोडीत द्या, चांगला भाव देतो."

कारखान्यात ओव्हरटाइम बंद होता. "देऊन टाकू मोडीत," मुकुंद वैतागून म्हणाला. मी हबकलोच.

सुभद्राबाई उठल्या. माझ्याबरोबर लग्नात आलेलं, तीस वर्षं माझी धार झेलणारं तांब्याचं घंगाळ त्यांनी खंडूपुढे ठेवलं. "याचा पत्रा कापून नळी होईल?"

"हुईल की. मग निस्ती मजुरी. पन चांगलं घंगाळ हाय, बाई."

"कापा. महिनाभर उगाच बोलत होते मी हिला."

त्यांनी हे खंडूला सांगितलं. शैलाकडे पाहिलं नाही.

मित्रांनो, एखादी वस्तू अडली तर तिच्याशी रोज झटणाऱ्याच्या माथी दोष मारू नका. वस्तू चालू असताना तिच्यात डोकावून बघा. आम्हाला बोलता येत नाही हो! माझा सोबती आता माझ्या पोटात आहे, म्हणून एवढं कळवळून सांगतो.

नवी नळी बसली त्याच्या दुसऱ्या सकाळी सुभद्राबाईंनी स्वतः माझी तोटी सोडली. पत्र्याची बादली वाफाळत भरली. त्यांनी बोट बुडवून झटकन बाहेर काढलं आणि दाराशी उभ्या शैलाला म्हणाल्या, "आज आधी तू जा अंघोळीला. गार पाण्याचं विसण घे हं, भाजेल."