मोजणीचं सार

मित्रांनो, हिनोसावा गावाच्या आरोग्य केंद्रात औषधांच्या खिडकीशेजारी एक काचेचे कपाट आहे. त्यात गळ्याला लाल फीत बांधून जो बसवला आहे, तो मी. मी एक जुना मीठमापक आहे. येणारे-जाणारे माझ्याकडे कौतुकाने बघतात आणि मी आतल्या आत चरफडतो. कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली केंद्रप्रमुख सुगेनुमांच्या खिशात.

तळहातावर मावेल एवढा माझा जीव. पुढे धातूची चोच, वर गोल तबकडी आणि तिच्यावर फिरणारा काटा. चोच सारात बुडवली की काटा हलतो आणि त्यात मीठ किती ते सांगतो. कारखान्यातल्या बाईने मला मिठाच्या पाण्यात बुडवून पाहिले आणि शेजारणीला म्हणाली, "हा बघ, अगदी सरळ आहे स्वभावाने." ती शाबासकी मी अजून विसरलेलो नाही.

हिनोसावात बर्फ पडायला लागला की खारवलेला मुळा आणि मिसोचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट लगद्याचे सार, एवढ्यावरच लोकांचे दिवस जात. मीठ चिकार. चालता-बोलता माणूस अंगणातला बर्फ ओढताना कोसळायचा आणि अर्धे अंग लुळे पडायचे. केंद्रातली परिचारिका तोकिए या सगळ्याची नोंद ठेवायची. कोणत्या वाडीत कोण पडले, कोणाचा रक्तदाब किती, कोणाच्या घरचे सार किती खारट, हे गोळा करून ती भिंतीवरच्या नकाशात वाडीवाडीला रंग भरायची. जिथे लाल रंग, तिथे आधी फिरायचे, तिथेच कमी मिठाच्या स्वयंपाकाचे वर्ग घ्यायचे. नकाशा लाल की हिरवा, हे ठरवायला तिच्या पिशवीत मी असायचो. काय ऐट होती माझी तेव्हा!

वरच्या वाडीत उमेनो आजी आणि तिचा नवरा गेन्झो राहायचे. गेन्झो लाकूडतोड्या. त्याला एकदा अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला होता आणि दुसरा आला तर निभावणार नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. तोकिएने मला आजीच्या सारात बुडवले आणि माझा काटा तबकडीच्या टोकाला जाऊन आपटला.

"आजी, हे सार आहे की समुद्र?"

"अहो, आहे तेच वाढते मी," आजी पुटपुटली.

"अळणी जगून काय करू?" गेन्झो हसला. "खारट मेलो तरी चालेल!"

"काहीतरी अभद्र बोलू नका हो!" आजी त्याच्यावर खेकसली.

इथवर सगळे ठीक होते. पण गावाच्या पुढच्या सभेत तोकिएने घराघरांचे आकडे नावानिशी मोठ्याने वाचले आणि सर्वांत वर नाव निघाले उमेनो आजीचे. लोकांना शहाणे करावे, एवढाच पोरीचा हेतू. पण चारचौघांत नाव निघाल्यावर वर बघणारी माणसे ती नव्हेत. आजीने मान खाली घातली ती सभा उठेपर्यंत वर केली नाही.

पुढच्या फेरीला नवल घडले. तोकिए दाराशी बूट आपटून बर्फ झाडू लागली की आत किटलीचे झाकण वाजायचे. वाडग्यात गरम पाणी पडायचे आणि ते सार नम्रपणे आमच्यापुढे यायचे. घरोघरी हाच प्रकार. माझ्या चोचीला सगळे कळत होते. वरच्या पाण्याखाली मिसो तळाला दाट बसलेला असायचा. पण मी सांगणार कसा? माझ्याजवळ वाचा नाही, फक्त काटा आहे, आणि काटा जे चोचीला लागेल तेवढेच दाखवणार. मी खाली खाली येत गेलो आणि तोकिएचा चेहरा फुलत गेला. आजीच्या घरी तर मी गावातला सर्वांत कमी आकडा दाखवला.

नकाशा हिरवागार झाला. जिल्ह्याहून बक्षीस आले. सुगेनुमांनी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली आणि फर्मान काढले, "आता कशाला उन्हातान्हात, बर्फात फिरायचं? गाव सुधारलंय." फेऱ्या बंद झाल्या, वर्ग बंद झाले. मला कपाटात बसवले. पाहुण्यांना आजीच्या घरचा तो विक्रमी आकडा दिसावा म्हणून सुगेनुमांनी माझा काटा त्यावर आणून डिंकाने चिकटवून टाकला. मित्रांनो, खोटे बोलायला लावले असते तर एक वेळ सोसले असते. मला एकाच खोट्यावर कायमचे डांबले.

त्याच हिवाळ्यात गेन्झो पडला. तो जगला, पण उजवी बाजू गेली आणि जीभ जड झाली. आजी त्याला व्यायामासाठी केंद्रात आणू लागली. दुपारी माझ्या कपाटासमोरच्या बाकावर बसून ती डब्यातले सार त्याला चमच्याने भरवायची. एक दिवस त्याने चमचा ढकलून दिला.

"मो... मोजणीचं सार... नको."

तोकिए शेजारीच उभी होती. "काय म्हणाले आजोबा?"

"काही नाही हो. जीभ वळत नाही त्यांची."

"मोजणीचं!" गेन्झो चिडून म्हणाला. "तू... यायचीस ना... तेव्हाचं!"

आजीने चमचा डब्यात ठेवून दिला. "सगळं गाव तसंच म्हणतं, तोकिएसान. तुमच्या बुटांचा आवाज आला की किटलीतलं पाणी ओतायचं. तुम्ही गेलात की ह्यांना परत मिसो घालून वाढायचं. चारचौघांत नाव वाचलंत हो तुम्ही माझं! तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती." मग ती नवऱ्याकडे बघत राहिली. "खरंच पातळ करून वाढलं असतं तर आज..."

तोकिए आजीशेजारी बाकावर बसली. ती आधी माझ्या काट्याकडे आणि मग हिरव्या नकाशाकडे बघत होती.

"नावं वाचायला नको होती मी," ती म्हणाली आणि आजीपुढे खाली वाकली. "चुकलं माझं."

तिने नव्याने मोजणी सुरू केली. प्रत्येक घराने रोजचे सार बाटलीत भरायचे आणि वाडीच्या पेटीत ठेवून जायचे. बाटलीवर वाडीचे नाव, माणसाचे नाही. नवा, आकडे उजळणारा मापक आला. नकाशा पुन्हा लालभडक झाला आणि सुगेनुमांनी कपाळाला हात लावला. "आता बक्षीस परत करू का?"

"बक्षीस राहू द्या, साहेब. फेऱ्या सुरू करा."

फेऱ्या सुरू झाल्या, वर्गही भरू लागले. पण कपाट उघडायला साहेब तयार होईनात. "तेवढं तरी राहू दे गं," म्हणाले. लाल नकाशा आणि मी समोरासमोर. आजी आली की डोक्याचा पंचा सोडून माझ्या काचेवर टाकायची. तो आकडा तिला बघवायचा नाही, आणि पंच्याखाली मलाही जरा बरे वाटायचे. झाडणारी बाई मागाहून तो घडी करून परत द्यायची.

काही हिवाळे गेले. परवा गेन्झो काठी टेकत स्वतःच्या पायांनी आला. आजीने डबा उघडला. "तोकिएसान, आमचं मोजता का? इथंच, सगळ्यांसमोर?"

तोकिएने सार तळापासून ढवळले आणि नवा मापक बुडवला. आकडा उजळला. माझा काटा जिथे चिकटला आहे, नेमका तोच.

"अळणी आहे," गेन्झो कुरकुरला आणि वाडगा रिकामा केला.

आजी माझ्याकडे बघून हसली. त्या दिवशी तिने पंचा टाकला नाही.

मित्रांनो, सगळे म्हणतील, आता तुझा आकडा खरा झाला, आता कसले दुःख? पण तो मी मोजलेला नाही. तुमच्या दारी कोणी मोजायला आले तर रोजचे आहे तेच पुढे करा. मोजणाऱ्यांनो, तुम्ही कोणाची मान खाली घालू नका. आणि कधी ती किल्ली हाती लागली, तर काट्यावरचा डिंक खरवडून मला एकदा त्या आजीच्या सारात बुडवा.