तिसरी चिठ्ठी

खण अर्ध्यावर येऊन अडकला. तिने टेबलाला गुडघा टेकवून हिसका दिला, तशी खणामागे दडपलेली लिफाफ्यांची चळत फरशीवर पसरली. तिला हवी होती फक्त एक पेन्सिल. चार वाजता वसाहतीची समिती चहाला येणार होती, आणि मतांच्या चिठ्ठ्यांसाठी पेन्सिल यजमानाने द्यायची असा इथला नियम होता. तीही एकच, म्हणजे कोणाची चिठ्ठी कोणती ते कळू नये.

बाहेरच्या खोलीत तिचा नवरा स्टुलावर चढून पडद्याची दांडी बसवत होता. वीस वर्षं लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, पण या एका दांडीपायी दर दोन मिनिटांनी विचारत होता, सरळ आहे का बघ. बघायचं काम खारूकडे होतं. खारू ही त्याच्या वारलेल्या पहिल्या बायकोची मुलगी. लग्न झालं तेव्हा सहा वर्षांची होती आणि पेन्सिलींची टोकं कुरतडायची, म्हणून बाबांनी, म्हणजे तिच्या नव्या आजोबांनी, तिला खारू म्हणायला सुरुवात केली. आता ती पंधरा वर्षांची होती आणि दुसऱ्या कोणी त्या नावाने हाक मारलेली तिला खपत नसे. आईवडील तेवढे चालत.

बाबांना जाऊन सात आठवडे झाले होते. घर वारसाहक्काने त्यांच्या मुलीकडे येणार होतं, पण त्यात राहायचं तर वारसालाही परक्यासारखाच अर्ज करावा लागे. शहराच्या कडेला बत्तीस घरं होती. अंगणांना कुंपणं नव्हती, दिवसा दारांना कड्या नव्हत्या, रविवारी सकाळी सगळ्यांनी मिळून रस्ता झाडायचा, कोणी आजारी पडलं की शेजारून डबा यायचा. हे नियम ज्या तिघांनी लिहिले, त्यांतले बाबा एक.

घरासाठी तिने आणि नवऱ्याने दोन वर्षं इतर उपनगरं पालथी घातली होती. एके ठिकाणी फाटकावर चार कॅमेरे होते आणि आत एक माणूस दुसऱ्याला ओळखत नव्हता. दुसरीकडे सत्तावीस मजले, आणि लिफ्टमध्ये सगळे आपापल्या बुटांकडे बघत उभे. लिफ्ट मात्र चांगली आहे, हा नवऱ्याचा शेरा. घर बघू नये, माणसं बघावीत, असं बाबा म्हणायचे. ती माणसंच बघत होती, आणि बघून झालं की या बत्तीस घरांशी ताडून पाहत होती. त्यात कुठलंच टिकत नव्हतं.

ती लिफाफे गोळा करू लागली. प्रत्येकावर घराचा क्रमांक आणि तारीख, बाबांच्या सरळ, उभ्या अक्षरात. आत घडी घातलेल्या चिठ्ठ्या होत्या. वाचून झाल्या की त्या जाळायच्या, असा नियम होता, आणि तो बाबांनीच लिहिला होता. पण त्यांनी चाळीस वर्षं नकाशे काढण्यात घालवली होती. मूळ कागद टाकायचा नाही, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं की स्वतःचा नियमही त्यापुढे टिकला नसावा. तिला हसू आलं. मग एका लिफाफ्यावर तिला तिचीच तारीख दिसली, नऊ वर्षांपूर्वीची.

तेव्हा शेवटचं घर रिकामं झालं होतं आणि तिने अर्ज केला होता. समितीत तिघं होते: बाबा, पोस्टमास्तर आणि शेजारच्या टाचणीकाकू. काकू शिवणकाम करायच्या. तोंडात कायम दोन-तीन टाचण्या, म्हणून ते नाव, आणि म्हणूनच बोलणं कमी. त्या दिवशी मात्र त्यांनी टाचण्या काढून विचारलं होतं, ही मुलगी तुला काय हाक मारते गं? खारू तेव्हा तिला हाकच मारत नसे. मग चिठ्ठ्या पडल्या आणि बाबांनी वाचून दाखवल्या. दोन बरोबर, एक फुली. नकाराला एक फुली पुरेशी होती. बाबा त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला आले. कोणाची ते विचारायचं नसतं, म्हणाले, आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. बापाचा इलाज चालला नाही बघ, असंही म्हणाले.

तिला विचारायची गरजच वाटली नव्हती. नऊ वर्षं ती टाचणीकाकूंच्या दारावरून मान न वळवता जात-येत राहिली. बाबा गेले त्या सकाळी काकू पाण्याचा पेला घेऊन आल्या. तिने हात पुढे केला नाही. पेला खिडकीत ठेवून त्या निघून गेल्या आणि पाणी संध्याकाळपर्यंत तिथेच होतं.

लिफाफ्यात तीन चिठ्ठ्या होत्या. पहिल्यावर बरोबरची खूण, शिक्का मारल्यासारखी ठसठशीत. दुसऱ्यावर तीच खूण, लहान, कडेला. तिसऱ्यावर फुली.

ती चिठ्ठी घेऊन ती खिडकीशी गेली. दोन बारीक रेघा, आणि जिथे त्या एकमेकींना छेदायला हव्यात तिथे सुईच्या टोकाएवढी मोकळी जागा. लहानपणी याच टेबलाशी तिचा हात हातात धरून बाबांनी शिकवलं होतं. रेघेवर रेघ गेली की शाई साचते, मध्ये जरा जागा सोडायची, बघणाऱ्याला फुलीच दिसते. चिठ्ठी पेन्सिलीची होती. पेन्सिलीत शाई नसते. पण हाताला ते कोण सांगणार?

तिने चिठ्ठी उलटी केली, पुन्हा सुलटी केली. मग टेबलावरची धूळ तळहाताने एका बाजूला लोटत राहिली. धूळ नव्हती तिथेही.

नवरा स्क्रूड्रायव्हर शोधत आत आला. तिने चिठ्ठी पुढे केली आणि त्या मोकळ्या जागेवर नख ठेवलं. बाबांचा हात त्यालाही माहीत होता. त्याने दार लोटून घेतलं.

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "पण नवलही वाटत नाही."

"का?"

"नऊ वर्षांत त्यांनी मला एकदासुद्धा बस म्हटलं नाही. बसा म्हणायचे. मान देतायत असं वाटायचं."

बाहेरून खारूने विचारलं, साखर वेगळी ठेवू की घालूनच देऊ. वेगळी ठेव, तो म्हणाला. मग हळू आवाजात, काय करायचं ते तू ठरव, मी दांडी काढायलाही तयार आहे, असं म्हणून तो गेला.

मागच्या दाराने टाचणीकाकू आल्या. पडद्यांची उंची कमी करून द्या, असं खारूने परस्पर सांगितलं होतं. मनगटावर टाचण्यांची गादी, हातावर पडदे. तिला टेबलाशी बघून त्या उंबऱ्यातच थांबल्या. पडदे खुर्चीवर ठेवून परत फिरणार, तोच त्यांची नजर लिफाफ्यावर गेली. त्यांनी तोंडातल्या टाचण्या एकेक काढून गादीत खोचल्या.

"जाळल्या नाहीत होय," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"चिठ्ठ्यांचा डबा मी धरला होता. चिठ्ठी टाकताना सांगितलं त्यांनी."

"कारण?"

काकूंनी खुर्चीवरच्या पडद्याची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "ती एकटी आली असती तर फुली नसती, म्हणाले."

बाहेर स्टूल सरकल्याचा आवाज आला. तिने लिफाफा बंद केला.

"नऊ वर्षं मी तुमच्याशी बोलले नाही. एकदा तरी सांगायचं."

"तुला बाप एकच होता," काकू म्हणाल्या. "शेजारीण काय, दुसरी मिळते."

पोस्टमास्तर चार वाजून पाच मिनिटांनी आले, धापा टाकत, काखेत पत्र्याचा डबा. पाच मिनिटं उशीर झाल्याबद्दल त्यांनी इतकी माफी मागितली की नवऱ्याला म्हणावं लागलं, पत्रं तर यापेक्षा उशिरा यायची. पोस्टमास्तर मनापासून हसले. खारूने चहा दिला. तिने बाबांची जुनी कपबशी काढून मधल्या खुर्चीसमोर ठेवली होती. त्या खुर्चीवर कोण बसणार ते घरातल्या कोणालाच माहीत नव्हतं.

त्याचा खुलासा पोस्टमास्तरांनी केला. समितीतला सभासद गेला, तर त्याची मुदत संपेपर्यंत त्याच्या जागी वारसाने बसायचं. अर्ज स्वतःचा असला तरी. नातं बघून कोणी उठायचं नाही, असंच कलम आहे. विचित्र आहे खरं, पण लिहिलंय तुझ्या बाबांनीच, ते म्हणाले. आणि यात काळजीचं काय आहे, स्वतःला कोणी नापास करत नाही. ती मधल्या खुर्चीत जाऊन बसली.

प्रत्येक अर्जदाराला विचारायचा प्रश्न ठरलेला होता: ही वसाहत तुमच्या घराला का योग्य वाटते? नवरा म्हणाला, इथे एकही लिफ्ट नाही, मला घरी आल्यावर सुट्टी मिळेल. मग खारूची पाळी आली. तिने उत्तर पाठ केलं होतं, बशा पुसताना ओठ हलत होते. पण आयत्या वेळी ते तिने सोडून दिलं असावं.

"इथे आजोबांनी मला पहिल्यांदा घरची म्हटलं," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर."

टाचणीकाकूंनी कप खाली ठेवला. नवरा खिडकीकडे, सरळ बसलेल्या दांडीकडे बघत राहिला.

"आणि तू?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"माझं उत्तर चिठ्ठीत देते."

पोस्टमास्तरांना ते चातुर्य वाटलं. त्यांनी मान डोलावली आणि कागदाचे तीन सारखे तुकडे केले. पेन्सिल आधी त्यांच्याकडे गेली, मग काकूंकडे, मग तिच्याकडे. बाबांनी तासलेली होती, टोक लांब आणि बारीक. तिने चिठ्ठी तळहाताच्या आडोशाला धरली. एक रेघ मध्यापर्यंत आणली, थांबली, पलीकडून पुढे नेली. मग दुसरी.

डबा हलवून पोस्टमास्तरांनी चिठ्ठ्या काढल्या. पहिली बरोबर. दुसरी बरोबर. तिसरी उघडून ते बराच वेळ बघत राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मधल्या खुर्चीकडे बघायचं त्यांनी टाळलं.

"दोन बरोबर," ते म्हणाले, "एक फुली." आणि जरा थांबून, "कोणाची ते विचारायचं नसतं."

खारूने ट्रे उचलला, पण कप न घेताच ती बाहेर गेली.

अंगणात ती पाठ करून उभी होती. पलीकडे, कुंपण नसलेल्या हद्दीवरून, टाचणीकाकू आपल्या घराकडे चालल्या होत्या. खारू त्यांच्या पाठीकडे बघत होती. ती नजर तिच्या आईने ओळखली. ती नऊ वर्षं तिची स्वतःची होती.

"यांनीच टाकली," खारू म्हणाली. "मागच्या वेळीही यांनीच टाकली होती ना?"

पाठीवर हात ठेवायला उचललेला हात तिने मागे घेतला.

"नाही. आजची मी टाकली."

खारू वळली. हातातला रिकामा ट्रे तिने छातीशी धरला.

"तू?" आणि मग, "का?"

आईच्या पर्समध्ये लिफाफा होता. खारूलाही बाबांनीच रेघा शिकवल्या होत्या, त्याच टेबलाशी. चिठ्ठी दाखवली तर एक शब्द बोलावा लागणार नव्हता. तिने पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"चल," ती म्हणाली. "आधी काकूंकडे पाणी पिऊ. मग सांगते. सगळं."

खारू लगेच हलली नाही. समोरच्या दारात टाचणीकाकू थांबल्या होत्या. त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या, आत गेल्या, आणि भांड्यांचा आवाज आला. दाराला कडी नव्हतीच.