मामाने मांडीखाली दाबलेले हात

स्पेनमधल्या आमच्या हेरेस गावात फ्लामेंको नाच बघताना गप्प बसणं म्हणजे नाचणारीचा अपमान. रेमेदिओस मामी अंगणात नाचायची तेव्हा फ्रास्को मामा टाळ्यांनी ताल धरायचा आणि मधेच हळू म्हणायचा, "अशीच, बाई, अशीच." मामी गेल्यापासून त्याने टाळी वाजवली नव्हती. म्हणून मी त्याला बसने सेव्हिलला, मोठ्या नाट्यगृहात घेऊन गेलो.

दारावरच्या बाईने बजावलं, "आत आवाज करायचा नाही."

मामा म्हणाला, "नाच आहे की मयत?"

"मामा, आज माझी लाज राख."

"बरं साहेब," म्हणत त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले.

रंगमंचावरची पोरगी छान नाचत होती. मधेच ती हात वर करून थांबली. आमच्याकडे या जागी कोणीतरी दाद देतंच, मग नाच पुढे जातो. इथे सगळे परदेशी पाहुणे, शिस्तीत गप्प. पोरगी थांबूनच राहिली. मामाने मांडीखालचे हात आणखी घट्ट दाबले.

शेवटी मीच त्याला कोपर मारलं. "बोल ना."

"आणि तुझी लाज?"

"जाऊ दे ती."

"अशीच, बाई, अशीच," मामा म्हणाला. पोरीने आमच्याकडे मान वळवली, हसली आणि टाच आपटली. मामाचे हात कधी सुटले आणि ताल धरू लागले, मला कळलंच नाही.

परतताना बसमध्ये तो म्हणाला, "तुझी मामी याहून जास्त वेळ थांबायची. मुद्दाम, मला छळायला."