टाकीची सावली

निसर्गासारखा दुसरा गुरू नाही, अशी मोजणीदारसाहेबांची ठाम श्रद्धा होती. तीन वर्षं ते या गुरूसमोर घडीचं स्टूल टाकून बसत होते आणि तिन्ही वर्षं चित्रमंडळाच्या प्रदर्शनातून त्यांचं चित्र परत आलं होतं.

सगळी नोकरी जमिनी मोजण्यात गेलेली. त्यामुळे पाण्याची टाकी रंगवायची तर आधी खांब मोजायचे, मग जिन्याच्या पायऱ्या, मग पट्टी लावून रेघा. तोवर सावली सरकायची. साहेब पडले प्रामाणिक; सरकलेली सावलीही ते इमानाने नोंदवायचे. गेल्या वर्षी मंडळात चित्रं निवडणाऱ्या बाईंनी चित्र हातात धरून शांतपणे विचारलं होतं, "साहेब, तुमच्याकडे सूर्य किती उगवतात?"

यंदा परत आलं तर रंगपेटी भाच्याला देऊन टाकणार, असं त्यांनी घरी जाहीर केलं.

"त्याने काय घोडं मारलंय तुमचं?" बायको म्हणाली.

या खेपेला आधी सावली, मग बाकीचं, असं ठरवून ते बसले. सावली झकास उतरली. आता टाकीला हात घालणार, तोच एक ट्रक येऊन नेमका मधे उभा राहिला.

"जरा पुढे घेता का?"

"चाक बसलंय, काका," ड्रायव्हर खाली उतरत म्हणाला. "जॅक येईपर्यंत हलायचं नाव नाही. काय काढताय?"

"टाकी."

"मग ट्रकच काढा की. गुमान उभा राहील."

साहेबांचं टाळकं सटकलं. त्याच तिरीमिरीत त्यांनी सावलीच्याच कागदावर ट्रक रंगवायला घेतला. जॅक कधीही येईल, म्हणून पट्टी पिशवीतच राहिली. तासाभरात चित्र संपलं.

ड्रायव्हर खांद्यावरून डोकावला. "चाक अगदी हुबेहूब बसलंय हो. पण टाकी कुठाय?"

"तुमच्या ट्रकमागे."

"दिसत तर नाही."

"सावली दिसतेय ना? मग आहे."

बाईंनी ते चित्र बराच वेळ न्याहाळलं, "सूर्य एकच आहे," म्हणाल्या आणि निवडलेल्या चित्रांत ठेवलं.

त्या संध्याकाळी साहेबांनी बायकोला अपयशातून माणूस कसा घडतो, हे पाऊण तास समजावून सांगितलं. तिने तेवढ्यात भाजी निवडून घेतली.

प्रदर्शनाच्या दालनात बारा खिळे होते आणि यंदा चित्रं अकराच आली होती.