वाडग्याच्या बुडाची सही

दातांच्या डॉक्टरांना डेन्मार्क-स्वीडनच्या जुन्या कलाकारांनी हातानं घडवलेली मातीची भांडी जमवायचा नाद होता. भांडं दिसलं की ते पालथं करून बुडाची सही बघत. "माझ्या बहिणीकडे तरी हात आवरा," असं बायकोनं बजावलं होतं.

जेवायला गेल्यावर बायकोच्या त्या धाकट्या मावसबहिणीनं तपकिरी वाडग्यात भोपळ्याचं सूप आणलं. डॉक्टरांना भोपळा डोळ्यांसमोर नको असे. पण वाडग्याची झिलई पाहून त्यांचा जीव खालीवर झाला. भरलेला वाडगा पालथा कसा करणार? त्यांनी डोळे मिटून सूप संपवलं. लगेच मेहुणीनं आणखी वाढलं. असं तीनदा झालं.

चौथ्या खेपेला त्यांनी पळी हातानं अडवली आणि वाडगा पालथा केला. सही डॅनिश होती. उरलेले थेंब पँटवर सांडले.

"घरी न्यायला मिळेल का?" त्यांनी विचारलं.

मेहुणीला भरून आलं. "इतकं आवडलं, भावोजी? मग लाजायचं कशाला!"

डॉक्टर खुलासा करणार होते, पण बायकोनं डोळे वटारले.

परतताना त्यांच्या मांडीवर सुपाचा दोन लिटरचा डबा होता.

"घट्ट धरा," गाडी वळवत बायको म्हणाली, "सांडेल."